अंगठ्यांची शाळा

आमचे चिरंजीव कीबोर्ड-माऊसवरचे पट्टीचे खेळाडू. शिकायला परगावी असतात. गेल्या दिवाळीत घरी आले, तेव्हा धाकट्या बहिणीने टीव्हीपुढे त्यांच्या हाती कंट्रोलर दिला आणि पाच मिनिटांत त्यांना चारी मुंड्या चीत केले! स्वारी फुरंगटून खोलीत जाऊन बसली.

मी पडलो मराठीचा मास्तर. पण लहानपणी व्हिडिओ गेमवर अंगठे झिजवलेला. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर १९९७ साली दोन अंगठ्यांसाठी दोन स्टिक आल्या, तेही पाहिलेला. शिकवणी सुरू केली.

म्हटले, "बाबा रे, माऊस विचारतो, किती अंतर? स्टिक विचारते, किती वेगाने? माऊस थांबला की नजर थांबते. स्टिक कलती ठेवशील, तोवर नजर फिरतच राहणार. तेव्हा वेळीच सोडायला शीक."

आधी सेटिंगमध्ये स्टिकची संवेदनशीलता उतरवली. नेमबाजी बाजूला ठेवून मोटारींची शर्यत लावली. कीबोर्डची कळ एक तर दाबलेली, नाही तर सुटलेली. इथे मात्र स्टिक जितकी कलवावी तितकेच वळण. अंगठ्याला अदब आली, तशी नेमबाजी घेतली. "उजव्या स्टिकने नेम जवळ आण, उरलेले बोटभर अंतर डाव्या स्टिकने स्वतः सरकून भागव."

भाऊबीजेच्या रात्री चिरंजीव पुन्हा हरले. पण या खेपेस दिवाणखान्यातून दोघांचेही हसणे ऐकू आले.

हुशार मुलाला सर्वांत कठीण धडा कोणता? पुन्हा बिगरीत बसण्याचा!