‘काल चालत होता, आज क्लास सापडत नाही’: अधूनमधून येणाऱ्या एररचं करायचं काय?

संशोधनासाठी जावामध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. मग एक्लिप्स बंद करून पुन्हा चालू केलं जातं, प्रोग्राम चालतो आणि विषय तिथेच संपतो. तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल तर मात्र विषय तिथे संपवू नका. अधूनमधून येणारी एरर ही लहर नसते. दोन वेळांमध्ये काहीतरी बदललेलं असतं आणि ते आपल्याला दिसलेलं नसतं.

आपण एक उदाहरण धरून चालू. समजा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांच्या पावसाच्या नोंदींवर तुम्हाला काम करायचंय. सह्याद्रीतला अकोले आणि अवर्षणातले कर्जत-जामखेड एकाच जिल्ह्यात, त्यामुळे विषय चांगला आहे. प्रत्येक तालुक्याची एक फाइल, आणि वर्गीकरणासाठी न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात तयार झालेलं वेका. वेकामध्ये ‘क्लास’ म्हणजे वर्गीकरणातला गट असाही अर्थ होतो. इथे आपण बोलतोय ते जावाच्या क्लासबद्दल, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडच्या फाइलबद्दल.

आधी एरर नीट वाचा

‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ म्हणजे प्रोग्रामने चालता चालता नाव सांगून एखादा क्लास मागितला आणि तो मिळाला नाही. डेटाबेसचा ड्रायव्हर किंवा प्लगइन अशा पद्धतीने मागवला जातो.

‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ वेगळी. कंपाइल करताना क्लास होता, चालवताना मिळाला नाही. पण हिच्या मजकुरात ‘कुड नॉट इनिशियलाइझ क्लास’ असं असेल तर अर्थच बदलतो. क्लासची फाइल जागेवर आहे, पण तो पहिल्यांदा तयार होतानाच काहीतरी बिघडलं, उदा. सेटिंगची फाइल मिळाली नाही. खरं कारण पहिल्या वेळी ‘एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर’ म्हणून येऊन गेलेलं असतं. त्यामुळे लॉगमधली शेवटची एरर नाही, पहिली एरर शोधा.

‘कधी कधी’ येतं कुठून?

एक, जावा सगळे क्लास सुरुवातीलाच उचलत नाही. ज्याची गरज पडते तो त्या वेळी उचलतो. अकोल्याच्या फाइलमध्ये सगळे रकाने भरलेले असतील तर प्रोग्राम सुरळीत चालेल. जामखेडच्या फाइलमध्ये एक रकाना रिकामा निघाला, तो भरणारा क्लास बोलावला गेला, आणि त्याला लागणारी लायब्ररी नाही, की पडला. तुम्हाला वाटतं आज बिघडला. तो पहिल्या दिवसापासून बिघडलेलाच होता.

दोन, एकाच फोल्डरवर दोघांचा हात. एक्लिप्स स्वतः कंपाइल करतं आणि टर्मिनलमधून तुम्ही मेव्हनही चालवता. बहुतेक वेळा दोघं ‘टार्गेट’मधल्या त्याच फोल्डरमध्ये क्लास ठेवतात. मेव्हनने ‘क्लीन’ करून ते रिकामं केलं आणि तेवढ्यात तुम्ही एक्लिप्समध्ये रन दाबलं, तर क्लास कुठून मिळणार? प्रोजेक्ट रिफ्रेश केला, पुन्हा बिल्ड केला की चालतं, म्हणून कारण कुणी शोधत नाही.

तीन, एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या. जावा क्लासपाथवर आधी सापडलेली घेतो. ‘या फोल्डरमधल्या सगळ्या जार घे’ असं चांदणीचं चिन्ह वापरून सांगितलं असेल, तर कुठली जार आधी येईल याची जावा हमी देत नाही. एकाच मशिनवरही क्रम बदलू शकतो.

चार, दोन वेगळे जावा. एक्लिप्समध्ये एक आवृत्ती आणि टर्मिनलमध्ये दुसरी, हे सर्रास असतं. एक्सएमएल वाचणारं ‘जॅक्सबी’ जावा ८ मध्ये सोबत यायचं. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढलं. पुढे त्याच्या पॅकेजचं नावही ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ झालं. आपल्याकडे २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तसंच. माणसाला दोन्ही नावांची ओळख असते, पण प्रोग्रामसाठी ती दोन वेगळी नावं. (जुन्या-नव्या डेटाचे तक्ते जिल्ह्याच्या नावावरून जोडत असाल तर हेही लगेच तपासा.)

पाच, अर्धवट जार. डाउनलोड चालू असताना लाईट गेली किंवा पेनड्राइव्हवरून कॉपी पूर्ण झाली नाही. मेव्हन फसलेल्या डाउनलोडची नोंद ठेवतो आणि काही काळ पुन्हा प्रयत्नच करत नाही. त्या एका लायब्ररीचं फोल्डर काढून पुन्हा आणा.

खरा धोका कुठे आहे?

प्रोग्राम पडला तर निदान कळतं. न पडता पुढे गेला तर काय?

१४ फाइल्स एकाच वेळी चालवायला बरेच जण थ्रेड पूल वापरतात. त्याला ‘सबमिट’ने काम दिलं आणि नंतर ‘गेट’ने निकाल विचारला नाही, तर आत आलेली एरर स्क्रीनवर दिसतच नाही. समजा, ११ तालुक्यांचे आकडे जमा झाले, ३ गळाले, आणि प्रोग्रामने ११ ची सरासरी छापली. लाल अक्षर एकही नाही.

शिवाय ते ३ तालुके चिठ्ठ्या टाकून गळालेले नाहीत. ज्यांच्या नोंदी अपुऱ्या, नेमके तेच गळाले. म्हणजे सरासरी एका बाजूला झुकली. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. आपला आकडा उद्या अशा कामाला लागू शकतो, हे डोक्यात ठेवून प्रोग्राम लिहा.

जुनी आवृत्ती गुपचूप उचलली गेली तरी तोच प्रकार. क्लास सापडतो, पण आपल्याला हवा तो नव्हे, आणि थिसिसच्या तक्त्यातला आकडा बदलतो.

शोधायचं कसं?

१. एरर आली की लगेच रिस्टार्ट करू नका. आधी पूर्ण लॉग, वेळ आणि चालू असलेली फाइल नोंदवून ठेवा. रिस्टार्ट केला की पुरावा गेला.

२. चालणारी आणि न चालणारी, दोन्ही वेळची यादी शेजारी ठेवा: जावाची आवृत्ती, क्लासपाथ, इनपुट फाइल, एक्लिप्स की टर्मिनल.

३. जावाला ‘व्हर्बोज क्लास’ हा पर्याय द्या. कुठला क्लास कुठल्या जारमधून आला ते ओळीओळीने दिसतं. मेव्हनचं ‘डिपेंडन्सी ट्री’ काढलं की दोन आवृत्त्यांचा घोळ सापडतो.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी बदलून एरर गेली, तर कशाने गेली ते कळत नाही.

५. एरर मुद्दाम परत आणून दाखवा. हवी तेव्हा आणता आली आणि हवी तेव्हा घालवता आली, तरच कारण सापडलं असं म्हणा.

६. प्रोग्रामच्या शेवटी मोजणी टाका: किती फाइल्स दिल्या, किती पूर्ण झाल्या. १४ ला १४ जुळले नाहीत तर निकाल छापायचाच नाही.

बघा, यात प्रोग्रामिंगपेक्षा प्रयोगाची शिस्त जास्त आहे: नोंद, तुलना, एका वेळी एक बदल, पुनरावृत्ती. उद्या व्हायवाला कुणी विचारलं, ‘हा आकडा पुन्हा काढला तर हाच येईल का?’, तर उत्तर याच नोंदवहीत सापडेल. तेव्हा आजच तुमच्या प्रोग्रामच्या शेवटी ती मोजणीची ओळ टाका आणि जुने निकाल एकदा पुन्हा चालवून बघा.