दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला, असे नव्हे

समजा, एप्रिलची दुपार आहे. वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीहून घरातल्या आजारी माणसाला घेऊन कारंज्याच्या दवाखान्याकडे निघालेली बारा-पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी वाटेतच बंद पडते. अर्धा तास थांबले की काही न करता पुन्हा सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की ठणठणीत! मग अंदाजाने आधी प्लग बदलले जातात, नंतर कॉइल, नंतर पेट्रोलचा पंप. बिल वाढते, दुखणे मात्र तसेच राहते. रात्री-अपरात्री हीच गाडी रुग्णवाहिकेचे काम करणार असेल, तर असे अंदाज परवडत नाहीत.

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइल हजारो व्होल्टपर्यंत वाढवते आणि प्लगच्या टोकाशी सुमारे एक मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पडते. ती नेमकी कधी पाडायची, हे गाडीतला छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. क्रँकशाफ्ट कुठे आहे, इंजिन किती तापले आहे, धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे त्याला सेन्सर सांगतात.

बिघाड जाणवला की ईसीयू डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लावतो आणि एक कोड साठवतो. भारत स्टेज-४ च्या गाड्यांत ही ओबीडी व्यवस्था एप्रिल २०१० पासून आणि तिची अधिक सक्षम दुसरी पायरी एप्रिल २०१३ पासून आली. स्कॅनर लावला की कोड वाचता येतो. पण कोड म्हणजे थर्मामीटरवरचा ताप. ताप आहे हे कळते. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे तपासावेच लागते. ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच खराब, असे नाही. हवेची एखादी रबरी नळी फाटली असेल, तर सेन्सर खरेच सांगत असतो.

म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा. आधी बॅटरी. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. व्होल्टेज कमी असेल किंवा अर्थिंगची वायर गंजली असेल, तर चांगले सेन्सरही चुकीचे आकडे देतात. मग वायरिंग पाहा. खेड्यात धान्याच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर हे नेहमीचे कारण असते.

त्यानंतर प्लग. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. टोक पेट्रोलने ओले असेल, तर ठिणगी पडत नसावी.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर एक सोपी युक्ती आहे. पी-०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरचे मिसिंग दाखवतो. इंजिन बंद करून पहिली कॉइल तिसऱ्याशी अदलाबदल करा. कोड पी-०३०३ झाला, तर दोष कॉइलमध्ये. पी-०३०१ च राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा दाब तपासा. एक पैसाही न खर्चता उत्तराच्या जवळ पोचता येते.

तापमानाच्या सेन्सरची परीक्षा पहाटे घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीत त्याचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच हवा. इंझोरीत उणे ४० अंश दिसले, तर थंडी पडलेली नाही. बहुधा वायर तुटली आहे किंवा सॉकेट सुटले आहे.

आता सुरुवातीची गाडी. तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, या लक्षणात क्रँक सेन्सर किंवा कॉइल यांच्यावर संशय घ्यावा. उष्णतेने आतली तार किंवा इन्सुलेशन दगा देते आणि गार झाले की पुन्हा काम करते. अशा गाडीची तपासणी थंड असताना करून उपयोग नाही. बंद पडल्याक्षणी स्टार्टर फिरवून स्कॅनरवर आरपीएम पाहावा. इंजिन फिरते आहे, पण आकडा शून्यच, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी.

प्लगची वायर हातात धरून ‘करंट येतो का’ पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. तो झटका जबर असतो, पेसमेकर असलेल्याला धोक्याचा ठरू शकतो आणि ईसीयूही निकामी होऊ शकतो. त्यासाठी स्पार्क टेस्टर मिळतो.

मिसिंग चालवून घेणेही महागात पडते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो भयंकर तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर किंवा कुटारावर उभी करू नये. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो.

गॅरेजला जाताना डॉक्टरकडे जातो तशी माहिती न्यावी: गाडी कधी बंद पडते, गार असताना की गरम, चढावर की उभी असताना, पावसात की उन्हात. आणि पार्ट बदलण्याआधी एकच प्रश्न विचारावा: “हाच खराब आहे, हे कशावरून?”