महागडी केबल घेऊन नेमकं काय मिळतं?

गैरसमज : महाग एचडीएमआय केबल लावली की चित्र जास्त उठावदार दिसतं.

दिसत नाही. या केबलमधून चित्र जातं ते शून्य आणि एकच्या रूपात. ते आकडे पलीकडे बिनचूक पोचले की चारशेच्या केबलवर जे रंग, तेच चार हजारांच्या केबलवर. केबल कमी पडली तर रंग फिके पडत नाहीत; पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मध्येच जातं किंवा दिसतच नाही. दर्जा हळूहळू घसरायचा तो ॲनालॉग केबलमध्ये. त्या काळातली समजूत आजही ग्राहकाच्या गळ्यात मारली जाते, याची चीड येते. २००८ मध्ये डेनॉनने ऑडिओ उपकरणं जोडायची दीड मीटरची केबल ४९९ डॉलरला काढली होती. दिसायला साधी नेटवर्क केबल, वर सिग्नलची दिशा दाखवणाऱ्या खुणा! तांब्याच्या तारेला अशी दिशा नसते.

गैरसमज : मग सगळ्यात स्वस्त केबलही चालेल.

खरी फसगत इथे होते. यूएसबी-सी केबली दिसतात सारख्या, पण आतून एकीचा दुसरीशी मेळ नसतो. आयफोन १५ च्या खोक्यातली केबल सेकंदाला फक्त ४८० मेगाबिट नेते. १०० वॅटचं चार्जिंग हवं तर केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. २०१६ मध्ये गूगलचे अभियंता बेन्सन ल्युंग यांनी तपासायला घेतलेल्या एका केबलमध्ये वीज आणि ग्राउंडच्या तारांची अदलाबदल झाली होती, शिवाय रेझिस्टरही चुकीचा होता. त्यांचा लॅपटॉप निकामी झाला.

नेटवर्क केबल घेताना टोक खरवडून पाहा. वरून तांबं आणि आत पांढरट धातू दिसला, तर ती मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्याला याच केबलमधून वीज द्यायची असेल, तर लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि तार तापते. अशी केबल भिंतीत घालूच नका.

गैरसमज : सोन्याचा मुलामा म्हणजे निव्वळ दिखावा.

सोनं गंजत नाही, त्यामुळे कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत जोडणी टिकते. चित्र मात्र त्याने सुधारत नाही.

फोर-के चित्र १२० हर्ट्झवर हवं असेल, तर ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल घ्या आणि खोक्यावरचं प्रमाणपत्राचं लेबल स्कॅन करून पाहा. लांब अंतरासाठी जास्त पैसे मोजणं रास्त आहे. बाकी दुकानात गिगाबिट, वॅट आणि मीटर एवढंच विचारा. ‘प्रीमियम साउंड’साठी एक रुपयाही जास्त देऊ नका.