कंपाउंड धनुष्य, क्रॉसबो आणि हरणाची शिकार

कंपाउंड धनुष्य आणि क्रॉसबो ही दोन्ही तीरकमठ्याचीच यांत्रिक रूपे आहेत. ताणलेली दोरी कोण धरून ठेवतो, हा त्यांच्यातला मुख्य फरक. कंपाउंडमध्ये नेम साधेपर्यंत ती तिरंदाजाच्या हातात असते. क्रॉसबोमध्ये ती मागे ओढून खटक्यात अडकवून ठेवतात आणि बंदुकीसारखा चाप दाबला की सुटते. अमेरिकेत हरणाची शिकार करणारे अनेक जण वय झाले, खांदा दुखू लागला की पहिले सोडून दुसरे हाती घेतात. त्यांचे व्हिडिओ कोल्हापुरातल्या मोबाइलवरही दिसतात आणि त्यांच्याबरोबर या शस्त्रांविषयीच्या व शिकारीच्या कायद्याविषयीच्या अर्धवट समजुती येतात.

पहिली समजूत ताकदीची. कंपाउंडचा ताण 60 पौंड, म्हणजे सुमारे 27 किलो, आणि क्रॉसबोचा 175 पौंड, म्हणजे सुमारे 80 किलो; त्यावरून क्रॉसबो तिप्पट जोरदार असे गणित मांडले जाते. ते चुकते, कारण बाणाला मिळणारी ऊर्जा ताणाबरोबरच दोरी किती अंतर बाणाला ढकलते यावरही ठरते. कंपाउंडची दोरी साधारण 20 इंच बाणामागे धावते, क्रॉसबोची बहुधा 10 ते 16 इंचच. शिवाय साध्या क्रॉसबोचा ताण स्प्रिंगसारखा शेवटी जाऊन शिगेला पोचतो, तर कंपाउंडचा ताण सुरुवातीलाच चढतो आणि बराच वेळ चढलेला राहतो. त्यामुळे साठणारी ऊर्जा क्रॉसबोमध्ये जास्त असली तरी आकड्यांच्या प्रमाणात तिप्पट होत नाही.

कंपाउंडची ही करामत त्याच्या टोकांवरच्या विकेंद्री चाकांमुळे साधते. अमेरिकेतील मिसुरी राज्याचे हॉलेस विल्बर ॲलन यांनी 1966 साली या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 साली ते त्यांना मिळाले. दोरी पूर्ण मागे आली की ही चाके अशी वळतात की हातावरचा भार एकदम उतरतो. 80 टक्के भार उतरवणाऱ्या 60 पौंडी धनुष्यात नेम धरताना बोटांवर जेमतेम 12 पौंड, म्हणजे साडेपाच किलो उरतात. म्हणजे कंपाउंडवाला तिरंदाज शेवटपर्यंत पूर्ण ताण पेलत उभा असतो, हा समजही तितकासा खरा नाही. पूर्ण ताण त्याला पेलावा लागतो तो दोरी ओढताना मधल्या टप्प्यात, आणि दुखऱ्या खांद्याला नेमका तोच टप्पा नकोसा होतो. क्रॉसबोमध्ये हे कष्ट दोन्ही हातांनी, कप्पीच्या दोरीने किंवा हँडल फिरवून आधीच उरकता येतात.

यातूनच दुसरी समजूत निघते, की क्रॉसबो हाती आला म्हणजे बंदूकच मिळाली. खांद्याला टेकवायचा दस्ता, दुर्बीण आणि चाप या तिन्हींमुळे तो बंदुकीसारखा दिसतो खरा. पण त्यातून सुटतो तो बाणच. चांगल्या कंपाउंडचा बाण सेकंदाला सुमारे 90 मीटर जातो असे धरले, तर 40 मीटर गाठायला त्याला 0.44 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो 97 सेंटिमीटर खाली येतो. सेकंदाला 110 मीटर वेगाचा क्रॉसबोचा बाण तेच अंतर 0.36 सेकंदात कापतो आणि 65 सेंटिमीटर उतरतो. सेकंदाला 850 मीटर जाणारी रायफलची गोळी तेवढ्या अंतरात एखादा सेंटिमीटर उतरते. क्रॉसबो कुठल्या रांगेत बसतो, ते या तीन आकड्यांवरून दिसते. अंतराचा अंदाज पाच-सात मीटरने चुकला तर दुर्बीण कितीही महागडी असो, बाण वरून किंवा खालून जातो.

बाण आवाज करत नाही म्हणून हरणाला सुगावा लागत नाही, हीदेखील चित्रपटांनी पसरवलेली गोष्ट. सुटलेल्या दोरीचा आणि धनुष्याच्या पात्यांचा आवाज होतो. क्रॉसबोचा तर कंपाउंडपेक्षा जास्त, कारण तोकड्या अंतरात जास्त ताण मोकळा होतो. आवाज 40 मीटर अंतर 0.12 सेकंदात कापतो. म्हणजे वेगवान क्रॉसबोच्या बाणाआधीही पाव सेकंद हरणाच्या कानावर आवाज पडलेला असतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबते, आणि काळजाच्या रोखाने आलेला बाण पाठीवरून निघून जातो किंवा भलतीकडे लागतो. हरीण स्थिर उभे आहे की सावध झाले आहे, हे अंतराइतकेच महत्त्वाचे ठरते ते यामुळे.

बाण कसा मारतो याविषयीही घोटाळा आहे. गोळीसारखा धक्का बाण देत नाही. शिकारी बाणाच्या टोकाला धारदार पाती असतात. ती फुप्फुस, काळीज किंवा मोठ्या रक्तवाहिन्या कापतात आणि जनावर रक्तस्रावाने मरते. नेम अचूक बसला तरी ते बहुधा काही अंतर पळते. पोटात किंवा मांडीत बाण लागलेले हरीण तासन् तास तडफडू शकते आणि दाट रानात सापडतही नाही. शस्त्र बदलून यात काहीच बदलत नाही. ब्रिटनमध्ये धनुष्याने हरणाची शिकार करण्यावर बंदी आहे, जर्मनीच्या शिकार कायद्यानेही खुरांच्या सावजावर बाण चालवणे वर्ज्य केले आहे.

क्रॉसबो शिकायला सोपा, म्हणून सुरक्षित, हे अनुमान मात्र सर्वांत धोकादायक. नेम लवकर साधतो हे खरे. पण चढवलेला क्रॉसबो म्हणजे भरलेले शस्त्र. कंपाउंडची ताणलेली दोरी बाण न सोडता हळूहळू परत आणता येते. बऱ्याच क्रॉसबोंमध्ये ते होत नाही, बाण जमिनीत सोडूनच ताण उतरवावा लागतो. बाण न लावता चाप ओढला तर सगळी ऊर्जा पात्यांत आणि दोरीत उलटते आणि ती तुटू शकतात. पुढच्या हाताचा अंगठा चुकून दोरीच्या वाटेत राहिला तर काय होते, याची चित्रे न पाहिलेली बरी. वजनही कंपाउंडपेक्षा जास्त, आणि दुसरा बाण चढवायला वेळ लागतो.

अमेरिकेत तरी क्रॉसबो सरसकट चालतो का? तिथे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. विस्कॉन्सिनने 2014 सालापासून क्रॉसबोसाठी वेगळा हंगाम ठेवला, तर ओरेगॉनमध्ये क्रॉसबोने शिकार करायला मनाई आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील कोणाला हा छंद लागलाच, तर शेजारच्या राज्याचा नियम आपल्या राज्यात लागू धरून चालत नाही.

कोल्हापुरात प्रश्न मुळातच वेगळा आहे. इथला शिकारीचा इतिहास जुना आणि दिमाखदार. संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार करवली जाई. त्यांची निगा राखणारे चित्तेवान दरबाराच्या पदरी असत. भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे अजून उभी आहेत. दाजीपूरचे राखीव शिकारी रान 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झाले; आज त्याचा विस्तार राधानगरी अभयारण्य म्हणून 351 चौरस किलोमीटरवर आहे आणि तिथे गव्यांबरोबर सांबर, भेकर आणि चिमुकली पिसोरी राहते.

या इतिहासामुळे परवाना काढला की शिकार करता येते, अशी एक आठवण जुन्या माणसांत टिकून आहे. ती आठवण खोटी नाही, कालबाह्य आहे. मुंबई राज्याच्या 1951 च्या कायद्यात परवान्याची सोय होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एका फटक्यात बंद केली असे मानले जाते, तेही पूर्ण खरे नाही. त्या कायद्यातही सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते. ती दारे 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. त्यानंतर हौसेच्या शिकारीचा परवाना नावाची गोष्टच उरली नाही. तेव्हा क्रॉसबोसाठी तो मिळतो की कंपाउंडसाठी, हा वाद निरर्थक.

कायदा बंदुकीविषयी बोलतो, धनुष्याविषयी नाही, हा समज या कायद्याच्या व्याख्याच खोडून काढतात. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, जाळे, फासे, विष यांच्या जोडीला धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेला आहे, आणि वन्यप्राण्याला मारू वा जखमी करू शकणारे कोणतेही साधन तीत येते. क्रॉसबो त्यातून सुटायला कुठेही फट नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय असे शस्त्र घेऊन जाणे हाच गुन्हा आहे, बाण भात्यात असला तरी.

‘शिकार’ या शब्दाची व्याख्या त्याहून व्यापक. मारणे, पकडणे, हाका घालून हाकलणे, आमिष दाखवणे, शरीराचा एखादा भाग जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे तीत मोडते. बाण चुकला म्हणजे काही घडलेच नाही, असे म्हणायची सोय नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड आहे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले शस्त्र व वाहन सरकारजमा होते. बेकायदा मारलेल्या जनावराचे मांस आणि शिंगेही सरकारच्या मालकीची, त्यामुळे शिकार दुसऱ्याने केली आणि आपण फक्त ताटावर बसलो, हा बचाव टिकत नाही.

‘हरीण’ या मराठी शब्दामुळेही गोंधळ होतो. चितळ, सांबर, भेकर ही मृगकुळातली. नराची शिंगे भरीव, गळून पुन्हा उगवणारी. काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा यांची शिंगे पोकळ व कायमची, आणि ते गाई-शेळ्यांच्या कुळातले. सरकारी कागदांत म्हणूनच ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असे लिहिलेले आढळते. संरक्षण मात्र दोघांनाही आहे.

शेतकऱ्याची अडचण खरी आहे. भुदरगड, आजरा, चंदगड, राधानगरी भागात ऊस आणि भात जनावरे तुडवतात. पण जमीन स्वतःची असली तरी तिच्यात शिरलेले सांबर मालकाचे होत नाही. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर ठरावीक प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो; स्वतःचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारले गेले तर तो गुन्हा ठरत नाही. महाराष्ट्रात 2015 साली रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत परवानगीची पद्धत सुलभ केली गेली, त्याचाच अर्थ हरणालाही सूट असा काढला जातो. तशी सूट नाही. हरणाने केलेल्या नुकसानीसाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करायचा असतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक हक्कांतून शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. वन्यजीव कायद्यात आदिवासींच्या शिकारीला मोकळीक आहे ती निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना.

राहिला खेळ. क्रॉसबो म्हणजे तिरंदाजीची पुढची पायरी, असे नाही. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या स्पर्धांत रिकर्व्ह आणि कंपाउंड असतात. क्रॉसबोच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी आहे. कंपाउंडची मैदानी स्पर्धा 50 मीटरवर, 80 सेंटिमीटरच्या लक्ष्यावर होते आणि धनुष्याचा ताण 60 पौंडांपुढे चालत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची 17 वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंडमध्ये वैयक्तिक जगज्जेते झाले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होणार आहे. त्या यादीत क्रॉसबो नाही.