कुलूप न दिसणारी बँक

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे. तेथील शनिदेवाची शिळा छपरावाचून, उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. देवच गावाचा रखवालदार, अशी ग्रामस्थांची श्रद्धा. म्हणून परंपरेने येथील घरांना चौकटी असतात, पण दारे नसतात. रात्री कुत्रीमांजरे आत शिरू नयेत एवढ्यासाठी चौकटीला एखादी फळी टेकवून ठेवतात, इतकेच.

अशा या गावात जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली. गावाची रीत पाहता तेथे कुलूप दिसता कामा नये, हे ओघानेच आले. वरवर पाहिले तर मागणी किती सोपी! नवे काही करावयाचे नाही. कुलूप तेवढे लावावयाचे नाही. उलट खर्च वाचलाच, असे कोणासही वाटेल.

परंतु कुलूप काढले तरी कुलपाचे काम उरतेच. घरातील चीजवस्तू ज्याची त्याची असते. ती देवाच्या भरवशावर ठेवावी की नाही, हे मालकाने ठरवावे. बँकेतील पैसा मात्र ठेवीदारांचा. तो उघडा टाकण्याचा अधिकार बँकेस नाही. तेव्हा प्रवेशापाशी काचेचे दार आले आणि त्याला सहसा नजरेस न पडणारे, विजेच्या चुंबकावर चालणारे व दुरून उघडता-मिटता येणारे कुलूप बसले.

खरी अडचण येथूनच पुढे आहे. लोखंडी कुलूप एकदा लावले की स्वस्थ लटकत राहते. विजेच्या कुलपाची गोष्ट वेगळी. त्यात वीज खेळू लागली म्हणजे चुंबक दारावरची लोखंडी पट्टी घट्ट धरून ठेवतो. वीज गेली की पट्टी सुटते. मग मध्यरात्री वीज गेली तर? बॅटरी हवी. बॅटरी उतरली तर? तिच्यावर लक्ष ठेवणारा हवा. पण आत माणसे असताना आग लागली, तर दार आपोआप सुटलेलेच बरे. म्हणजे त्याच दाराने एका प्रसंगी घट्ट राहावे आणि दुसऱ्या प्रसंगी तत्काळ उघडावे. आणि कोणत्या प्रसंगी काय, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. ‘कुलूप दिसू नये’ या तीन शब्दांत यांपैकी एकही गोष्ट आलेली नसते.

संगणकासाठी आज्ञावली रचणाऱ्यांपुढे अशाच मागण्या नित्य येतात. फोनवरून भाजीचे वीस रुपये देताना दर वेळी गुप्त अंक कशाला विचारता? तो प्रश्न काढून टाका, असे गिऱ्हाईक म्हणते. प्रश्न काढणे हे खरोखर क्षणाचे काम आहे. पण फोन हरवला, तर ज्याला तो सापडेल त्याच्या हाती सगळे खातेच जाईल.

सप्टेंबर २०२२ मध्ये ‘यूपीआय लाइट’ ही सोय निघाली, तीत यावर तोड काढलेली आहे. थोडी रक्कम आधी बाजूला काढून ठेवावयाची. गुप्त अंकाविना जो खर्च होईल, तो तिच्यातूनच. आरंभी एका वेळी २०० रुपये व एकूण शिल्लक २,००० रुपये अशी मर्यादा होती. पुढे ती वाढविण्यात आली. रक्कम बाजूला काढणे, तिचा निराळा हिशेब ठेवणे, उरलेले पैसे खात्यात परत करणे, हा सारा व्याप एक प्रश्न गाळण्यासाठी करावा लागला. भाजीच्या गाड्यापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्यातले काहीच दिसत नाही. या खेपेस अंक विचारले नाहीत, एवढेच त्याच्या ध्यानात येते आणि ते पिशवी उचलून चालू लागते.