कुकरमधला चॉकलेट केक

कल्याणमधल्या अनेक घरांत ओव्हन नाही. केक गॅसवर, कुकरमध्येच होतो. शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं. पाणी मात्र अजिबात नको. पाण्यावर शिट्टीसह शिजवताना आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास अडतं. कोरडा कुकर १८०पर्यंत तापतो, म्हणून कडा खरपूस होतात.

खरी मेख कोकोत आहे. साधा कोको आम्लधर्मी असतो. सोड्याशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सच्या व्हान हौटेन यांनी कोकोला अल्कली लावली. त्या गडद कोकोत आम्ल जवळपास उरत नाही, तेव्हा दही घालाच! सोडा मिसळताच वायू सुटू लागतो, म्हणून कुकर आधीच तापवून ठेवावा.