नेढ्यातून जाणारा धागा

राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला एक आरपार भोक आहे. सुईला असते तसे, म्हणून त्याला नेढेच म्हणतात. वाऱ्याच्या दिवसांत त्याच्या मागे डोळे मिटून बसावे. तोंडावर सारखा वारा येत असतो, आणि कोणी नेढ्यात शिरले की तो तुटतो. लहान मूल शिरले तर थोडाच, पाठीवर सॅक घेतलेला माणूस शिरला तर पुष्कळ. थोड्या वेळाने न बघताही ओळखता येऊ लागते की आत कोण आले.

डीएनए वाचणारे नॅनोपोअर यंत्र याच रीतीने चालते. मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे, मध्ये एक अतिशय पातळ पडदा आणि पडद्याला एकच भोक. दोन्ही बाजूंना विजेचा किंचित दाब दिला की पाण्यातले आयन भोकातून वाहू लागतात; हा इथला वारा. डीएनए ऋणभारित असतो, त्यामुळे त्याचा एकेरी धागा धन टोकाकडे ओढला जातो आणि भोकात शिरतो. ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांचे आकार वेगवेगळे असल्यामुळे प्रत्येक जण प्रवाह वेगवेगळ्या प्रमाणात अडवतो. हा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या लाख कोटीव्या भागात, मोजावा लागतो.

मोठ्या मापात ही युक्ती जुनी आहे. वॉलेस कूल्टर या अमेरिकी संशोधकाला 1953 मध्ये रक्तपेशी मोजण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. एकेक पेशी बारीक भोकातून जाताना विजेला अडथळा करते आणि तो अडथळा मोजला जातो. आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये सीबीसी करणारी कितीतरी यंत्रे आजही याच तत्त्वावर चालतात. संशोधक डेव्हिड डीमर यांना 1989 मध्ये ओरेगॉनात गाडी चालवताना पेशीच्या जागी डीएनएचा धागा दिसला आणि त्यांनी वहीत त्याचे चित्र काढून ठेवले. हार्वर्डमध्ये जॉर्ज चर्च यांच्या डोक्यात स्वतंत्रपणे असाच विचार घोळत होता. पुढे डीमर आणि हार्वर्डचेच डॅनियल ब्रँटन एकत्र आले.

पण इतके लहान नेढे पाडायचे कोणी? ते एका जंतूने आधीच पाडून ठेवले होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवे आणणारा जीवाणू अल्फा-हिमोलायसिन नावाचे विष सोडतो. त्याचे सात रेणू एकत्र येऊन तांबड्या पेशीच्या आवरणाला भोक पाडतात. त्या भोकाची सर्वांत अरुंद जागा सुमारे 1.4 नॅनोमीटर असते, म्हणजे एकेरी धागा जेमतेम जाईल इतकी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले जॉन कॅसियानोविच या विषावर काम करत होते. डीमर आणि ब्रँटन यांचा त्यांच्याबरोबरचा शोधनिबंध 1996 मध्ये आला. धागे जाताना प्रवाह खरोखरच तुटत होता.

अक्षरे मात्र वाचता येईनात. या गोष्टीचा सगळा जीव मला इथेच दिसतो. आपल्याला वाटते, अडचण सूक्ष्मतेची असणार. खरी अडचण वेगाची होती. एक अक्षर अवघ्या काही मायक्रोसेकंदांत निसटून जाई. हिशेब करून पाहा: शंभर पिकोअँपिअर प्रवाह धरला, तर एका मायक्रोसेकंदात भोकातून सहाशेच्या आसपास आयन जातात. धागा आत असताना त्याहूनही कमी. एवढ्या मूठभर आयनांच्या कमीजास्तीवरून ए की सी हे ठरवायचे, आणि तेही गोंगाटात.

म्हणजे धाग्याला आवरायला हवे होते. पुढची पंधरा-सोळा वर्षे मुख्यतः त्यात गेली. हा लगामही निसर्गातूनच आला. फाय-29 या जीवाणूभक्षी विषाणूचे एक एन्झाइम डीएनएची जोडी एकेक अक्षर लावत पुढे सरकते. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला मार्क एकसन यांच्या गटाने त्याला भोकाच्या तोंडाशी बसवले. सुटा धावणारा धागा आता पायरी पायरीने चालू लागला. सिअ‍ॅटलमध्ये येन्स गुंडलाख यांनी क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदाकडून आखूड, अरुंद गळ्याचे भोक घेतले. दोन्ही गोष्टी 2012 मध्ये एकत्र आल्या आणि अक्षरांचे चढउतार वेगळे दिसू लागले.

ऑक्सफर्ड नॅनोपोअर या कंपनीचे हातात मावणारे मिनआयन यंत्र 2014 मध्ये निवडक प्रयोगशाळांकडे गेले. ते यूएसबीने लॅपटॉपला जोडायचे. आत एकाच वेळी ऐकणाऱ्या 512 वाहिन्या. पडद्यावर अक्षरे येत नाहीत, वेडीवाकडी रेघ येते. भोकात एका वेळी पाचेक अक्षरे असतात, म्हणून पातळ्या चार नव्हे, हजारावर. रेघेवरून मजकूर काढण्याचे काम आज न्यूरल नेटवर्क करते. सुरुवातीला दहा अक्षरांत एकाहून अधिक चुका होत. एकच अक्षर सलग आठ-दहा वेळा आले, तर प्रवाह बदलतच नाही, मग मोजायचे कसे? ही खोड पुष्कळ कमी झाली आहे, पण पुरती गेलेली नाही.

तरीही 2015 मध्ये बर्मिंगहॅमचे जॉश क्विक आणि निक लोमन यांच्या गटाने पन्नास किलोंहून कमी सामानात अख्खी प्रयोगशाळा गिनीला नेली आणि इबोलाचे 142 नमुने वाचले. नमुना हाती आल्यापासून चोवीस तासांच्या आत उत्तर मिळू शकत होते. पुढच्याच वर्षी अंतराळवीर केट रुबिन्स यांनी अवकाश स्थानकात डीएनए वाचला.

या यंत्राचे दुसरे बळ लांबीत आहे. मानवी जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग दोन दशके कोराच होता. तिथे तेच तेच तुकडे पालुपदासारखे परत परत येतात. अभंगाच्या वहीचे कपटे केले आणि हातात नुसते पालुपद आले, तर ते कुठल्या कडव्यामागचे हे कसे सांगणार? अख्खे पान हवे. नॅनोपोअरने लाखो अक्षरांचे सलग धागे दिले, दुसऱ्या एका तंत्राने अचूकपणा दिला, आणि 2022 मध्ये तो मजकूर पुरा झाला.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या युआन अ‍ॅशली यांच्या गटाचा शोधनिबंध आला; त्यांनी बारा अत्यवस्थ रुग्णांचे जनुकसंच वाचले होते. एका रुग्णासाठी एकाच वेळी 48 फ्लो सेल, म्हणजे भोकांचे पडदे बसवलेले कप्पे, लावले जात. पाच जणांचे निदान लागले. सर्वांत लवकरचे 7 तास 18 मिनिटांत. त्या पाच जणांत तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या हृदयाला आलेली सूज आपोआप उतरणारी आहे की दोष मुळात जनुकात आहे, हा डॉक्टरांपुढचा प्रश्न होता; पहिले असेल तर वाट पाहायची, दुसरे असेल तर नवे हृदय शोधायचे. दोष जनुकात निघाला. त्याचे नाव लगेच प्रत्यारोपणाच्या यादीत गेले आणि काही आठवड्यांत त्याला हृदय मिळाले.